भरपूर आच, थोडा वेळ

पहाटेच्या गारठ्यात डिझेल ट्रॅक्टरला सेल मारावा आणि आतून नुसता ‘कट्’ असा आवाज यावा, की पहिला संशय बॅटरीवर जातो. बॅटरी उतरवून चार्जिंगला नेली जाते, कधी तिच्या जागी नवी येते, आणि आठवडाभराने तोच ‘कट्’ पुन्हा ऐकू येतो. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीत नसतो आणि स्टार्टरमध्येही नसतो. तो त्या दोघांना जोडणाऱ्या जाड केबलच्या टोकाशी असतो, जिथे तांब्याच्या शेकडो बारीक तारा एका लगमध्ये शिरतात. लग म्हणजे एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला बोल्टसाठी भोक असलेला तांब्याचा तुकडा. बरेच वायरमन त्याला थिंबल म्हणतात. या नळीत केबल सोल्डरने बसवायची कशी आणि ती बसली आहे हे ओळखायचे कसे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी हे पाहू, की एवढ्याशा जागेला इतके महत्त्व का. घरातल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर ३ किलोवॉटचा गीझर चालवायला १३ अँपिअर प्रवाह पुरतो. तेवढीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर २५० अँपिअर लागतात. व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त म्हणून केबल जाड. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला. तोवर हँडल मारून इंजिन फिरवावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडे. त्या स्टार्टरने माणसाचे हात वाचवले. पण असा स्टार्टर बसवलेल्या प्रत्येक गाडीला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर वाहून नेणारी केबल बाळगावी लागली.

३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा एका मीटरचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो, म्हणजे ओहमचा दोन हजारावा भाग. टोकाच्या सांध्यात एक मिलिओहम जरी जास्तीचा शिरला, तरी केबल दोन मीटरने लांब केल्यासारखे झाले. ३०० अँपिअरला त्या एका मिलिओहमवर ०.३ व्होल्ट वाया जातात आणि ९० वॉट उष्णता तयार होते. घरगुती कामाच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा ही शक्ती जास्त आहे. स्टार्टर काही सेकंदच चालतो, म्हणून तिथे बहुधा निभावते. इन्व्हर्टरचे तसे नाही. सातशे वॉटच्या भाराला १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर वाहतात, आणि वीज गेलेली असेतोवर तासन् तास वाहत राहतात. तिथला खराब सांधा हळूहळू तापतो, तापल्यामुळे त्याचा पृष्ठभाग आणखी काळवंडतो, रोध वाढतो आणि तो अजून तापतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी केबलचे आवरण तपकिरी पडलेले दिसले, तर हे चक्र सुरू झाले आहे असे समजावे.

मल्टिमीटर ओहमवर लावून हा दोष सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध मिलिओहमच्या शेकडो पटीत असतो. शिवाय शंभरांतली एक तार जरी लगला टेकलेली असली, तरी मीटर ‘जोडणी ठीक’ असे सांगतो. म्हणून तपासणी प्रवाह वाहत असतानाच करावी लागते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक लगच्या चपट्या भागाला लावायचे, दुसरे लगच्या लगेच पुढे केबलच्या आवरणात टाचणी टोचून तिला लावायचे, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगायचे. ट्रॅक्टरचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवला, की इंजिन सुरू न होता नुसते फिरते आणि आकडा वाचायला सवड मिळते. चांगल्या सांध्यावर जवळजवळ शून्य दिसते. सांधे धरून अख्ख्या केबलवर ०.२ व्होल्टपर्यंतची घट चालते. एकाच सांध्यावर तेवढी दिसली, तर तो कापून नवा करणे हाच उपाय. तपासणी झाल्यावर टाचणीच्या भोकावर टेप लावायला विसरू नये, कारण बॅटरीच्या आम्लाची वाफ तेवढ्या वाटेनेही आत जाते.

आता मूळ कामाकडे येऊ. रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर सोल्डरिंग शिकलेला माणूस जाड केबलपाशी आला, की त्याचा हात नेमका उलट सवयीने चालतो. तिथे कमी उष्णता, बारीक टोक आणि जपून काम ही शिस्त असते. इथे तीच शिस्त सांधा बिघडवते. कारण तांबे उष्णताही विजेइतक्याच उत्साहाने वाहून नेते. सांधा २०० अंश सेल्सियसला आणि त्यापासून दहा सेंटिमीटरवर केबल ५० अंशांना असेल, तर ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून सुमारे २१ वॉट उष्णता सतत पळून जात असते. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलमधून ४२ वॉट. हे झाले फक्त केबलमधून; लग हवेत गमावतो ते वेगळेच. म्हणजे २५ वॉटचे आयर्न इथे कितीही वेळ धरले, तरी सोल्डर वितळण्याचे तापमान येणार नाही. ६० वॉटचे कदाचित आणेल, पण तोवर उष्णता केबलभर पसरलेली असेल. साध्या पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते. ते मऊ पडून आक्रसते, तारा काळवंडतात, ऑक्साइड काढणारे फ्लक्स जळून जाते, आणि एवढे होऊन सोल्डर अर्धवटच धरते.

गॅसच्या टॉर्चची मोठी ज्योत पाहून अनेकांना वाटते, की ही केबल जाळून टाकेल. प्रत्यक्षात तिचा धोका कमी आहे. ती लगला अर्ध्या-एक मिनिटात हव्या त्या तापमानाला नेते आणि उष्णतेला केबलमध्ये दूर जायला वेळच देत नाही. आवरण वाचवायचे असेल, तर आच मोठी हवी आणि काम लवकर संपायला हवे. जाड केबलच्या सोल्डरिंगची बाकीची सारी काळजी या एका गोष्टीतून निघते.

ज्योत कुठे लावायची हेही त्यातच आले. ती लगच्या नळीच्या बाहेरच्या अंगाला, तळाकडे धरायची. तारांवर नाही आणि सोल्डरवर तर मुळीच नाही. सोल्डर तांब्याला टेकून वितळले पाहिजे. ज्योतीने वितळून थंड तांब्यावर पडलेले थेंब दिसायला चकचकीत दिसतात, पण ते तांब्याला चिकटलेले नसतात; नखाने सुटणारे असे सांधेही पाहायला मिळतात. खऱ्या सांध्यात सोल्डरमधले कथील तांब्याशी संयोग पावते आणि दोघांच्या सीमेवर काही मायक्रॉन जाडीचा नवा संयुगाचा थर तयार होतो. पकड त्या थराची असते. तो तयार व्हायला तांबे स्वतः गरम हवे आणि त्याच्यावर ऑक्साइड नको.

ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे, त्यांनी ही सगळी क्रिया पाहिलेली आहे. तो आधी भांडे तापवतो, मग नवसागर टाकतो, मग कथलाची कांडी नुसती टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात पांढरा थर पसरवतो. नवसागराच्या धुराने ऑक्साइड निघून जाते आणि उघड्या पडलेल्या धातूवर कथील पाण्यासारखे पसरते. केबलच्या लगमध्येही तेच घडवायचे असते. फरक एकच, पण फार महत्त्वाचा: नवसागर किंवा जस्ताच्या क्लोराइडचे पत्र्याच्या कामाचे फ्लक्स इथे वापरायचे नाही. भांडे नंतर धुता येते. केबलच्या तारांमध्ये शिरलेले क्लोराइड धुता येत नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि काही महिन्यांत आवरणाखाली हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज चढतो. इथे राळेचे फ्लक्सच हवे. चीड वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर मागे उरते ती ही राळ. थंड असताना ती तांब्याला काही करत नाही, गरम झाल्यावर तिच्यातली सौम्य आम्ले ऑक्साइड विरघळवतात, आणि पुन्हा थंड झाली की ती कडक होऊन निरुपद्रवी पडून राहते. तिचा धूर मात्र निरुपद्रवी नाही. तो रोज छातीत गेला तर दम्याचा त्रास जडतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि तोंड ज्योतीच्या वर आणू नये.

सोल्डर ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले घ्यावे. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ ला, पण ही दोन एकत्र आली की दोघांच्याही खाली, १८३ अंशांना मऊ पडू लागतात आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतात. ६३-३७ चे प्रमाण तर बरोबर १८३ ला एकदम वितळते आणि एकदम गोठते. निम्मे-निम्मे प्रमाणाचे सोल्डर स्वस्त असते, पण ते गोठताना बराच वेळ लापशीसारख्या अवस्थेत राहते. त्या वेळात केबल जराशी हलली, की आतून तडे जातात आणि सांधा वरून दाणेदार, निस्तेज दिसतो. शिसे सोल्डरिंगच्या तापमानाला वाफ होऊन उडत नाही. ते पोटात जाते बोटांवरून. म्हणून हात धुतल्याशिवाय तंबाखू, चहा, डबा काही नाही. युरोपीय संघाने २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांत शिशावर निर्बंध घातले. त्यानंतर रुळलेले कथील-चांदी-तांब्याचे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्याने हे काम होते, फक्त आच आणखी नेमकी लागते.

केबल जुनी असेल तर तिचे टोक आधी नीट पाहावे. आम्लाच्या वाफेने तारा आवरणाखाली काळ्या पडलेल्या असतात आणि त्या काळ्या तारांना राळ पुरी पडत नाही. घासत बसण्यापेक्षा लालसर, चमकदार तांबे दिसेपर्यंत केबल कापत जावी. कापून लांबी पुरेनाशी झाली, तर नवी केबल घ्यावी. काळ्या तारांवर चढवलेले सोल्डर हा फक्त दिलासा असतो.

आवरण नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त सोलायचे, तारा मूळ पिळाच्या दिशेने हलक्या हाताने पिळायच्या आणि त्यांना राळेची पेस्ट लावायची. तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी हीटश्रिंकची नळी याच वेळी केबलवर चढवून लांब सरकवून ठेवायची, कारण नंतर ती लगवरून जाणार नाही. लग व्हाइसमध्ये नळीचे तोंड वर करून धरायचा, पण चपट्या टोकाला आणि लाकडाच्या पट्ट्यांमध्ये. नळीच व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरली, तर जबडाच सगळी उष्णता पिऊन टाकतो. क्रिंपिंगसाठी, म्हणजे नळी दाबून केबल पकडण्यासाठी, बनवलेल्या लगला नळीच्या बुडाशी तार दिसावी म्हणून एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून वितळलेले सोल्डर बाहेर गळते. तेव्हा सोल्डरसाठी बंद बुडाचा लग घ्यावा.

किती सोल्डर लागेल? ३५ चौरस मिलिमीटरच्या तारांचा जुडगा साधारण आठ मिलिमीटर व्यासाचा होतो आणि नळी आतून साडेआठची असते. हिशेब केला तर नळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा रिकामी उरते. म्हणून नळी निम्म्याहून थोडी कमी भरली की पुरे. लग तापवायचा, सोल्डर आत टेकवून वितळू द्यायचे, ते नळीच्या भिंतीवर चढून आरशासारखे लखलखले, की ज्योत चालू ठेवूनच केबल सरळ आणि सावकाश खाली दाबायची. क्षणभर सोल्डर गोठल्यासारखे वाटते, कारण थंड तारांनी त्याची उष्णता घेतलेली असते. घाबरून केबल बाहेर ओढू नये; ज्योत तशीच राहू द्यावी. काही सेकंदांत तारा आपोआप तळापर्यंत उतरतात आणि तोंडाशी सोल्डरची बारीक कड दिसते. ती दिसताच ज्योत बाजूला आणि हात स्थिर. फुंकर मारायची नाही, पाणी ओतायचे नाही.

पाण्याबद्दल आणखी एक सांगायला हवे. आवरण वाचवायला त्याच्या कडेवर ओला कपडा गुंडाळण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण कपडा घट्ट पिळलेला हवा. नळीतल्या द्रव सोल्डरखाली पाण्याचा एक थेंब सापडला, तर त्याची वाफ मूळ आकारमानाच्या हजारपटीहून अधिक फुगते आणि सोल्डर थेट चेहऱ्याकडे उडते. चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये.

तो ओला कपडा आणखी एका कारणासाठी हवा. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे वितळलेले सोल्डर बारीक तारांच्या फटींतून वर चढते. ते लगच्या बाहेर, आवरणाखाली दोन-तीन सेंटिमीटर गेले, तर तेवढी केबल काठीसारखी ताठ होते. इंजिन थरथरते, केबल हलते, आणि सारा वाक नेमका त्या ठिकाणी एकवटतो जिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो. एकेक तार तुटत जाते. बाहेरून आवरण शाबूत, आत निम्म्या तारा गेलेल्या. सोल्डर केलेल्या केबली बहुतेक वेळा सांध्यात तुटत नाहीत, तर अशा सांध्याच्या शेजारी तुटतात. हा सोल्डरवर घेतला जाणारा सर्वांत खरा आक्षेप आहे. लवकर संपवलेले काम आणि पिळलेला कपडा यांनी सोल्डर आवरणाच्या कडेशीच थांबते.

दुसरा आक्षेप असतो, की सोल्डर वीज नीट वाहत नाही. कथील-शिशाचा रोध तांब्याच्या आठपट आहे हे खरे. पण प्रवाहाला सोल्डरमधून लांबचा प्रवास करायचा नसतो. तारेपासून नळीच्या भिंतीपर्यंत, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढेच जायचे असते, आणि तेही नळीच्या सगळ्या आतल्या पृष्ठभागातून एकाच वेळी. वीस मिलिमीटर खोल नळीत हा पृष्ठभाग सुमारे पाचशे चौरस मिलिमीटर होतो. गणित केले तर सोल्डरच्या थराचा रोध मिलिओहमच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत येतो. या आक्षेपात दम नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. शॉर्ट सर्किट झाले आणि सांधा १८३ अंशांच्या पुढे गेला, तर केबल लगमधून निसटते आणि तिचे जिवंत टोक कुठेही टेकू शकते. म्हणून अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेचे बोटींच्या वायरिंगचे मानक सांगते, की कोणत्याही जोडणीत यांत्रिक पकड केवळ सोल्डरवर सोपवू नये. पण त्याच नियमाला त्यांनी एक अपवाद ठेवला आहे, आणि तो नेमका बॅटरीच्या लगचा: सोल्डरच्या संपर्काची लांबी केबलच्या तांब्याच्या व्यासाच्या किमान दीडपट असेल तर चालते. आठ मिलिमीटरच्या जुडग्याला बारा मिलिमीटर. आखूड नळीचा स्वस्त लग सोल्डरसाठी का घेऊ नये, याचे उत्तर या आकड्यात आहे.

क्रिंपिंगशी तुलना करायची तर मी स्पष्टच सांगतो: योग्य मापाचा षट्कोनी डाय आणि हायड्रॉलिक यंत्र हाताशी असेल, तर जाड केबल क्रिंपच करावी. दाबाने तारा आणि नळी एकमेकांत इतक्या रुततात, की हवेलाही जागा उरत नाही. उष्णता नाही, ताठ होणे नाही. पण छिन्नी आणि हातोडीने चेपलेला लग म्हणजे क्रिंप नव्हे, आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या कामात हेच सर्रास होते. अशा चेपलेल्या लगपेक्षा टॉर्चने नीट भरलेला सांधा कितीतरी भरवशाचा. आधी तारांना सोल्डर लावून मग क्रिंप करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि पकड काही महिन्यांत सैल पडते.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने गाडीच्या केबलवर हात घालण्याआधी वीतभर केबलच्या तुकड्यावर एक लग भरावा आणि तो हॅकसॉने आडवा कापून पाहावा. कापलेल्या अंगावर तांब्याचे ठिपके आणि त्यांच्या मधे सलग रुपेरी भराव दिसला, तर आच बरोबर होती. मधे काळ्या पोकळ्या असतील तर तारा थंड राहिल्या किंवा फ्लक्स जळले. एक लग वाया जातो खरा. पण कोणत्याही मीटरपेक्षा हा काप जास्त शिकवतो.

सांधा हाताला कोमट झाला, की हीटश्रिंक नळीवर आणि आवरणावर निम्मी-निम्मी येईल अशी सरकवून तापवावी. कोकण-गोव्याच्या मासेमारी बोटींवर आतून गोंद असलेलीच हीटश्रिंक वापरावी, कारण खारी हवा उघड्या तारांच्या फटीतून केबलभर आत शिरते.

हे सारे काम बॅटरीपासून दूर करायचे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने भडका उडतो. टॉर्च तिथे नेण्याचा प्रश्नच नाही. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि बसवताना शेवटी बसवायची, म्हणजे पॉझिटिव्हवर फिरणारा पाना चुकून गाडीच्या बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. लगच्या चपट्या भागावर सोल्डरचा ओघळ आला असेल, तर तो कानशीने साफ काढावा, कारण बोल्टखाली दबलेले सोल्डरही सरकते आणि बोल्ट ढिला होतो. वॉशर नेहमी नटाखाली. लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये कधीच नाही, कारण पोलादाचा रोध तांब्याच्या कित्येक पट असतो. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा, आणि लगपासून वीतभर अंतराच्या आत केबलला एक क्लिप मारून ती गाडीच्या अंगाला बांधावी, म्हणजे थरथर सांध्याच्या तोंडाशी न पोहोचता क्लिपपाशीच थांबते.